एआय जाणणारी माणसे आणायची कुठून?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीची आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू करा असा वरून आग्रह आहे, पण ते काम येणारी माणसे मिळत नाहीत. मुंबई आणि आसपासच्या परिसरातून आलेली पाच पत्रे या वेळी निवडली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची आणि त्यांच्या कंपन्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची मालवाहतूक आणि कस्टम क्लिअरन्सची कंपनी मरोळला आहे. एकूण 140 कर्मचारी असून त्यांतले 26 जण डॉक्युमेंटेशनमध्ये आहेत. मी मनुष्यबळ विभाग सांभाळते. ‘एआय तज्ज्ञ हवा’ ही जाहिरात आम्ही तीनदा दिली. पवईच्या आयआयटीतून बाहेर पडणारी मुले आमच्या पगाराकडे फिरकत नाहीत. एक जण रुजू झाला, तोही दोन महिन्यांत सोडून गेला. जाहिरातीची प्रत सोबत जोडली आहे. आता काय करावे?

उत्तर : आपली जाहिरात मी दोनदा वाचली. तिच्यात तीन निरनिराळ्या माणसांचे काम एकाच माणसाकडून मागितलेले आहे, आणि तुमच्या टंचाईचा मोठा भाग तिथेच आहे. नवी मॉडेल, म्हणजे माहितीवरून शिकून उत्तरे देणाऱ्या संगणकप्रणाली, तयार करणारा हा पहिला माणूस. तो खरोखरच दुर्मीळ आहे, पण आपल्या कंपनीला त्याची अजिबात गरज नाही. तयार मॉडेल आपल्या सॉफ्टवेअरला जोडून देणारा हा दुसरा. पायथॉन ही संगणकाची भाषा येणारा एखादा चांगला अभियंता हे काम करू शकतो. तो पूर्णवेळ ठेवायचा की बाहेरच्या संस्थेकडून काम करून घ्यायचे, हा केवळ हिशेबाचा प्रश्न आहे. तिसरा माणूस म्हणजे यंत्राने दिलेले उत्तर बरोबर की चूक हे ओळखणारा. असे पंधरा-वीस जण आपल्याला लागतील आणि ते आपल्या डॉक्युमेंटेशन विभागात आजच बसलेले आहेत. जाहिरात देऊन ते मिळणार नाहीत, कारण बाजारात ते या नावाने ओळखले जात नाहीत.

हे नीट कळावे म्हणून आपल्याच व्यवसायातले उदाहरण घेतो. आयात मालाच्या इनव्हॉइसवर ‘बॅटरी चार्जर’ असे लिहिलेले असते. यंत्र ‘बॅटरी’ हा शब्द उचलते आणि माल कस्टमच्या शुल्कसूचीतील 8507 या शीर्षकाखाली, म्हणजे बॅटऱ्यांमध्ये टाकते. चार्जर मात्र 8504 मध्ये जातो. परीक्षा देऊन जी-कार्ड, म्हणजे कस्टमचे काम करण्याचे ओळखपत्र, मिळवलेला आपला कर्मचारी ही चूक चेकलिस्ट, म्हणजे कस्टमला द्यायच्या कागदाचा तपासणीसाठीचा मसुदा, हातात येताच पकडतो. बाहेरून आलेला, मॉडेलविषयी सर्व काही जाणणारा अभियंता ती पकडू शकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही उत्तरे सारखीच पटण्याजोगी दिसतात. निव्वळ वजनाच्या जागी ढोबळ वजन येणे, किंवा अमेरिकी पुरवठादाराच्या कागदावरील 03/04 ही 4 मार्चची तारीख 3 एप्रिल म्हणून वाचली जाणे, याही याच जातीच्या चुका आहेत.

म्हणून माझा सल्ला असा आहे की तूर्त नवी भरती थांबवावी आणि एकच काम हाती घ्यावे. इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट वाचून चेकलिस्टचा मसुदा तयार करणे, एवढेच ते काम असावे. ज्यांची बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचे कस्टमला दिलेले घोषणापत्र, विनातक्रार पार पडली अशा 100 जुन्या फायली काढाव्यात, कारण त्यांची बरोबर उत्तरे आपल्याकडे आधीच आहेत. त्या फायली यंत्राकडून वाचून घ्याव्यात आणि विभागातील चार अनुभवी माणसांनी प्रत्येक रकाना ताडून पाहावा. चूक कोणत्या रकान्यात झाली, कोणत्या पुरवठादाराच्या कागदावर झाली आणि तिचा परिणाम शुल्कावर होतो की केवळ टंकलेखनावर, याची वही ठेवावी. या ताडणीलाच या क्षेत्रात मूल्यमापन म्हणतात. जे कौशल्य बाजारात मिळत नाही अशी आपली तक्रार आहे, त्याचा गाभा हाच आहे. तीन आठवडे ही वही प्रामाणिकपणे भरणारी माणसे पुढे यंत्राला कोणत्या सूचना द्याव्यात हेही आपोआप शिकतात, कारण यंत्र कुठे अडखळते हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते.

या मोजणीत एक गोष्ट व्यवस्थापनाला अवश्य दाखवावी. समजा, विक्रेत्याने सांगितले की आमचे यंत्र 97 टक्के अचूक आहे. ऐकायला हा आकडा छान वाटतो. पण एका फाइलीत 30 रकाने असतील आणि प्रत्येक रकाना बरोबर येण्याची शक्यता 97 टक्के असेल, तर एकही चूक नसलेल्या फायली शंभरात साधारण 40 च निघतील. उरलेल्या 60 फायलींत कुठे ना कुठे काहीतरी चुकलेले असेल आणि ते नेमके कुठे, हे यंत्र सांगणार नाही. हा हिशेब ज्याला कळतो तो कर्मचारी कंपनीला मोठ्या नुकसानीपासून वाचवतो. त्यासाठी पदवी लागत नाही. बारावीचे संभाव्यतेचे गणित पुरते.

आता वेळेविषयी. 1988 साली मी फोर्टमधील एका बँक शाखेत कारकून होतो. बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयीच्या रंगराजन समितीच्या 1984 च्या शिफारशींनंतर शाखाशाखांत लेजर पोस्टिंगची, म्हणजे खातेवहीतील नोंदी करणारी, यंत्रे येऊ लागली होती, त्यांतले एक आमच्याकडे आले. बँकेने बाहेरून संगणकतज्ज्ञ न आणता लेजरवर बसणाऱ्यांमधूनच माणसे निवडली. तो निर्णय किती योग्य होता, हे मला आज अधिकच पटते. पण एक गोष्ट आमच्या वाट्याला फार वाईट आली. पहिले काही महिने हाताने लिहिलेले लेजर आणि यंत्रातील नोंदी अशा दोन्ही सांभाळायच्या होत्या आणि या दुप्पट कामासाठी एक मिनिटही वाढवून मिळाले नव्हते. संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर आम्ही यंत्रावर बसायचो, शिल्लक जुळेपर्यंत उठता येत नसे, आणि आमच्यातले दोघे कंटाळून पुन्हा जुन्या टेबलावर गेले. त्या दोघांचे हिशेबाचे ज्ञान आमच्या सर्वांहून चांगले होते. आपल्याकडे हे होऊ देऊ नका. निवडलेल्या चार जणांच्या रोजच्या फायली तीन महिन्यांसाठी एक-तृतीयांशाने कमी करा, आणि तसे त्यांच्या वरिष्ठांना लेखी कळवा. तोंडी सांगितलेली सवलत महिनाअखेरीच्या गर्दीत टिकत नाही.

एवढे झाल्यावर दुसऱ्या प्रकारचा माणूस शोधायला घ्या. तोवर आपल्या हातात चुकांची वही असेल आणि त्याला नेमके काय करायचे आहे हे सांगता येईल. दोन महिन्यांत सोडून गेलेल्या तरुणाविषयी आपण लिहिले आहे. मला वाटते, त्याला काम काय करायचे हेच कोणी सांगू शकले नसावे.

प्रश्न : मी 46 वर्षांची आहे. लोअर परळच्या एका कंपनीत 21 वर्षे अकाउंट्समध्ये काम करते. आता सर्वांना एआयचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा केला आहे. तो इंग्रजीत आहे आणि रविवारी घरून पूर्ण करायचा आहे. मी डोंबिवलीहून येते. सहा दिवस लोकलने ये-जा करून रविवारी माझ्याने ते होत नाही. सहकारी तरुण आहेत, ते पटापट पुढे जातात. माझी नोकरी राहील का?

उत्तर : ताई, तुमचे पत्र वाचून वाईट वाटले. आधी एक गोष्ट सांगतो, ती तुमच्यासाठी जितकी आहे तितकीच तुमच्या कंपनीसाठीही आहे. कंपनीला जे कौशल्य हवे आहे ते कंपनीच्या वेळेतच शिकवले गेले पाहिजे. रविवारवर टाकलेले प्रशिक्षण ज्यांच्या घरी स्वयंपाक, आजारपण आणि मुलांचे अभ्यास दुसरे कोणी पाहते त्यांनाच पूर्ण करता येते, आणि मग अनुभवी स्त्रिया मागे पडल्या म्हणून कंपनी टंचाईची तक्रार करते. तुम्ही तिघी-चौघी मिळून व्यवस्थापनाकडे एक लेखी मागणी करा. बुधवारी दुपारी तीन ते पाच, कार्यालयातच, आणि शिकवणारा मराठीत शंका सोडवू शकेल असा. मागणी एवढीच असू द्या.

नोकरी राहील की नाही याची खात्री मी देऊ शकत नाही, तशी ती कोणीच देऊ नये. पण तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीआर-2बी, म्हणजे पुरवठादारांनी जीएसटीसाठी दाखवलेल्या बिलांची यादी, तयार होते आणि ती खरेदीच्या नोंदवहीशी जुळवावी लागते. हे काम तुम्ही करत असणारच. एखाद्या पुरवठादाराने बिल क्रमांकात शून्य जास्त टाकला, दुसऱ्याने तिरपी रेघ गाळली, तिसऱ्याने मार्चचे बिल एप्रिलमध्ये दाखवले, हे तुम्हाला चटकन दिसते. यंत्राला ते सांगावे लागते. तेव्हा कोर्समधल्या परक्या उदाहरणांऐवजी याच कामापासून सुरुवात करा. यंत्राला साध्या वाक्यांत सांगा की माझ्याकडे दोन याद्या आहेत, त्यांत अशा-अशा कारणांनी बिल क्रमांक वेगळे दिसतात, ते जुळवण्यासाठी एक्सेलचे सूत्र लिहून दे. मराठीत विचारलेलेही चालते. ग्राहकांची वा पुरवठादारांची खरी नावे मात्र घालू नका. चार-पाच ओळींचा बनावट नमुना पुरतो.

यातली एक खूणगाठ पक्की बांधा. यंत्राला थेट बेरीज करायला सांगू नका, बेरजेचे सूत्र लिहायला सांगा आणि बेरीज एक्सेलला करू द्या. भाषेची ही मॉडेल पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाज बांधत उत्तर तयार करतात. लांबलचक रकान्याची बेरीज त्यांच्याकडून दिसायला अगदी व्यवस्थित पण चुकीची येऊ शकते. सूत्राची चूक मात्र दहा ओळींवर तपासली की लगेच सापडते. तुमचे तरुण सहकारी कोर्स लवकर संपवत असतील, पण त्यांच्यातल्या कितीजणांना हे माहीत आहे ते एकदा विचारून पाहा.

पुढे अधिक शिकावेसे वाटले तर स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी व्यासपीठांवरील अभ्यासक्रम विनाशुल्क पाहता येतात. प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क पडते. घाई करू नका.

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत माझा ओतकाम केलेले सुटे भाग तासून देण्याचा कारखाना आहे. 34 कामगार आहेत. कॅमेऱ्याने दोष ओळखणारी यंत्रणा बसवायची आहे. मागच्या वर्षी एका मुलाला स्वखर्चाने कोर्सला पाठवले, तो परत आला आणि चार महिन्यांत महापेच्या एका मोठ्या कंपनीत गेला. आता शिकवण्याआधी बाँड लिहून घ्यावा का?

उत्तर : कायद्याचे आधी सांगतो. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार एखाद्याला त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल ठरतो. मात्र ठरावीक काळ नोकरीत राहण्याची अट आणि ती मोडल्यास ठरलेली भरपाई ही गोष्ट वेगळी आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेच्या प्रकरणात तीन वर्षे सेवेची आणि ती न केल्यास 2 लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या खर्चाच्या प्रमाणात, वाजवी मुदतीचा बाँड घेता येतो. त्याचा मसुदा वकिलाकडूनच करून घ्यावा.

पण तो घ्यावा का, या आपल्या खऱ्या प्रश्नाला माझे उत्तर ‘शक्यतो नको’ असे आहे. बाँडमुळे माणूस हजेरीपुरता राहतो. वर सांगितलेल्या लेजर यंत्रांच्या काळात बँकांनी कर्मचारी संघटनांशी करार करून यंत्र चालवणाऱ्यांना स्वतंत्र भत्ता दिला होता. रक्कम डोळ्यांत भरण्याजोगी नव्हती, पण पगारपत्रकावर ती वेगळ्या ओळीत छापून येत असे आणि आम्हाला त्या ओळीचा अभिमान होता. तुमचा मुलगा कोर्स करून परत आला तेव्हा त्याचा पगार किती वाढला, हे तुमच्या पत्रात कुठेच लिहिलेले नाही. वाढला नसेल तर तो गेला यात त्याचा दोष नाही, असे मी स्पष्टच सांगतो.

दुसरे असे की एकालाच शिकवणे ही चूक पुन्हा करू नका. दोघांना शिकवा, आणि त्यांतला एक तुमचा सर्वांत जुना तपासनीस असू द्या. कॅमेऱ्याची यंत्रणा शिकते ती छायाचित्रांवरून. ही सच्छिद्रता, हा ओरखडा, ही नुसता तेलाचा डाग पडलेली पण चांगली जागा, असे प्रत्येक छायाचित्रावर कोणीतरी खूण करून द्यावे लागते. हे काम कोर्स केलेल्या मुलाला येणार नाही. ज्याने वीस वर्षे दिव्याखाली भाग फिरवून पाहिले आहेत, ज्याच्या अंगठ्याला कड लागली की खोट कळते, तोच ते करू शकतो. त्याने केलेल्या खुणा आणि त्यामागची कारणे कंपनीच्या संगणकावर जपून ठेवा. उद्या दोघांपैकी एक गेला तरी ती शिदोरी तुमच्याकडे राहील. यंत्रणा बसल्यावर त्याला काढून टाकण्याचा विचार मनात असेल तर तो आत्ताच सोडून द्या. प्रकाश बदलतो, साचा झिजतो, नव्या तऱ्हेचे दोष येतात, आणि दर वेळी नव्या खुणा करायला तोच लागतो.

तिसरी गोष्ट कदाचित तुमच्या लक्षात आली नसेल. तीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि राष्ट्रीय योजनेतून त्यांच्या विद्यावेतनाचा 25 टक्के भाग, महिना 1,500 रुपयांच्या मर्यादेपर्यंत, सरकार देते. हे बंधन ओझे समजून कागदावर उरकले जाते, याचे मला दुःख होते. जवळच्या आयटीआय वा तंत्रनिकेतनातली एक मुलगी वा मुलगा त्या जुन्या तपासनिसाच्या शेजारी वर्षभर बसला, तर तुम्हाला हवा असलेला माणूस त्यातूनच तयार होईल.

आणि शक्य असेल तर शेजाऱ्यांशी बोला. एकट्या कारखान्याला पूर्णवेळ अभियंता परवडत नाही, पण आपल्याच गल्लीतील चार-पाच कारखान्यांनी मिळून एक ठेवला तर प्रत्येकाकडे आठवड्यातून एक दिवस तो येऊ शकतो. मुंबईला ही कल्पना नवी नाही. 1887 मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजचे माटुंग्याचे व्हीजेटीआय, भायखळ्यात स्थापन झाले तेव्हा गिरण्यांना लागणारी तंत्र जाणणारी माणसे घडवणे हा त्यामागचा एक मोठा हेतू होता, आणि उद्योगपतींनी त्याला हातभार लावला होता. एकमेकांशी चुरस करणाऱ्या मालकांनाही माणसे घडवण्याचे काम एकत्र करावेसे वाटले होते.

प्रश्न : आमच्या विमा एजन्सीत चॅटजीपीटीवर बंदी आहे. तरीही कर्मचारी आपापल्या मोबाइलवर वापरतात असे कळते. बंदी कडक करावी का? (ठाणे)

उत्तर : नाही. जे वापरतात ते तुमच्याकडचे शिकण्याची हौस असलेले कर्मचारी आहेत, आणि बंदीमुळे त्यांचे शिकणे लपूनछपून चालले आहे. धोका मात्र खरा आहे. ग्राहकाचा आधार क्रमांक, आजाराचे कागद, बँक खाते हे सारे वैयक्तिक मोबाइलवरून बाहेर जात असेल, तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 खाली जबाबदारी एजन्सीची आहे. माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. कंपनीच्या नावाचे सशुल्क खाते घ्या. त्यात टाकलेली माहिती मॉडेल शिकवण्यासाठी वापरली जाणार नाही, ही अट करारात आहे ना ते वाचून घ्या. काय टाकायचे नाही याची अर्ध्या पानाची मराठी यादी प्रत्येक टेबलावर लावा. मग मोबाइलवर वापरणाऱ्यांना बोलवा आणि ते काय-काय करतात हे त्यांनाच इतरांना दाखवू द्या. आत्तापर्यंत केलेल्या वापराबद्दल शिक्षा होणार नाही हे आधी सांगितले नाही, तर कोणीही तोंड उघडणार नाही.

प्रश्न : मुलाखतीला येणाऱ्या प्रत्येकाच्या अर्जावर आता ‘एआय’ लिहिलेले असते. खरे कोणाला येते हे कसे ओळखावे? (दादर)

उत्तर : प्रमाणपत्रे बाजूला ठेवा. आपल्याच कामातला एक कागद घ्या, यंत्राकडून त्याचा सारांश वा तक्ता तयार करून घ्या आणि त्यात नेमक्या कोणत्या चुका आहेत हे आपल्या अनुभवी सहकाऱ्याकडून आधी नोंदवून ठेवा. उमेदवाराला मूळ कागद, यंत्राचे उत्तर आणि अर्धा तास द्या. त्याला हवे ते साधन वापरू द्या, इंटरनेटही असू द्या. चुका किती सापडल्या हे पाहाच, पण त्याहून अधिक, तो मूळ कागदाकडे किती वेळा परत जातो ते पाहा. काही जण यंत्राचे उत्तर पुन्हा यंत्रालाच तपासायला देतात आणि ‘बरोबर आहे’ असे उत्तर आले की थांबतात. काही जण बोट ठेवून एकेक आकडा ताडतात आणि कुठेतरी थबकून विचारतात की हा शब्द तुमच्याकडे कोणत्या अर्थाने वापरतात. असे विचारणारा उमेदवार मिळाला, तर त्याला पायथॉन येत नसले तरी घ्या. पायथॉन त्याला सहा महिन्यांत शिकवता येईल.